उलट्या गाडीचे ब्रेक

टेकडीवरच्या दवाखान्यातून खाली उतरताना तिसरं वळण आलं की वहिनींच्या गाडीत काहीतरी जळाल्याचा वास यायचा. रोज, न चुकता. मागच्या सीटवरचे पेशंट उपचारांनी इतके गळून गेलेले असायचे, की आपल्याला नाक आहे याचाही त्यांना विसर पडलेला असायचा. वहिनी मुकाट्याने काच खाली करायच्या आणि वळण सरेपर्यंत श्वास धरून ठेवायच्या. कारण त्यांच्या मते हा वास गाडीचा नव्हताच. तिसऱ्या वळणावरूनच त्यांच्या नवऱ्याची गाडी खाली गेली होती, आणि हा वास त्याचा होता.

आता तुम्ही म्हणाल, शहाणीसुरती बाई आणि असलं काय डोक्यात घेऊन बसली. पण जिचं जातं तिलाच विचारा. वहिनी काही भित्र्या नव्हेत. रिक्षावाल्याने आडवी घातली तर काच खाली करून त्याच्या अकलेचा हिशोब मांडणाऱ्या. पट्टा न लावणाऱ्या पेशंटला, मग तो कितीही मोठा साहेब असो, ‘उतरा खाली, चालत जा’ असं तोंडावर सुनावणाऱ्या. नवरा होता तेव्हा तो ह्याच दवाखान्याच्या फेऱ्या करायचा. पेशंट त्याला दादा म्हणायचे, म्हणून ही वहिनी. तो गेला, आणि वर्ष व्हायच्या आत वहिनींनी त्याच कंपनीची, त्याच बनावटीची, पण सगळ्यात हलक्या मॉडेलची जुनी गाडी घेतली आणि त्याच फेऱ्या सुरू केल्या. लोक म्हणाले, काय बाई छाती! छाती कसली आलीय? नवऱ्याने शिकवली तेवढी एकच गाडी त्यांना चालवता यायची. घरात म्हातारी सासू, तिची औषधं, घरभाडं. दुसरं काय करणार होत्या?

छातीचं म्हणाल तर ती रोज त्या वळणावर धडधडायची. पण खरं भूत वळणावर नव्हतं. ते घरात होतं, आणि ते एका वाक्याचं होतं.

तो गेला त्या दिवशी एक हवालदार दारात येऊन उभा राहिला होता. माणूस वाईट नव्हता, पण बोलण्याचा पोच नाही. सासूबाईंच्या देखत म्हणाला, ‘नवल आहे. एवढा उतार, एवढं वळण, पण रस्त्यावर ब्रेकचा एक ओरखडा नाही. म्हणजे त्यांनी ब्रेक दाबलाच नाही.’ एवढं बोलून तो निघून गेला. वाक्य मात्र घरातच राहिलं.

कारण त्या सकाळी भांडण झालं होतं. तसं भांडण त्यांच्याकडे काही नवं नव्हतं, पण त्या दिवशीचं जरा जास्तच चिघळलं. तो म्हणत होता, आज फेऱ्या नकोत, गाडी गॅरेजला लावतो. वहिनींना वाटलं, झालं ह्याचं सुरू, घरी लोळायला निमित्त हवंय. त्या म्हणाल्या, ‘तुझं तोंड बघून कंटाळा आलाय मला. जा एकदाचा.’ त्याने किल्ली उचलली आणि म्हणाला, ‘जातो.’

‘येतो’ म्हणाला नाही. ‘जातो’ म्हणाला. आपल्याकडे असं कुणी म्हणतं का? दुकानातून निघतानासुद्धा माणूस ‘येतो’ म्हणतो. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, त्यांनी ते ऐकलं होतं. आणि संध्याकाळी हवालदाराचं वाक्यही ऐकलं.

सासूबाईंनी सुनेला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, दोघी कडाकडा भांडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. त्या फक्त बोलायच्या थांबल्या. अगदी मुक्या नव्हे. ‘दार लाव’, ‘गोळ्या संपल्या’, ‘पाणी येऊन गेलं’, एवढं बोलायच्या. कामापुरतं. तीन वर्षं त्या घरात दोन बायका एकमेकींना ओलांडून वावरत होत्या, आणि मध्ये ते वाक्य पसरलेलं. वहिनी रात्री उशीवर डोकं टेकवायच्या तेव्हा मनात एकच घोळायचं. मी जा म्हटलं, आणि तो गेला. स्वतःहून गेला. ब्रेक न दाबता गेला.

असं सगळं असताना एके दिवशी दुपारी मागच्या सीटवरचे मास्तर जागे होते. निवृत्त शिक्षक, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात यायचे, चुका काढायची सवय अजून गेलेली नव्हती. तिसरं वळण आलं आणि ते म्हणाले, ‘वहिनी, काहीतरी जळतंय.’

वहिनींनी दचकून आरशात पाहिलं. ‘तुम्हालाही वास येतोय?’

‘मला न यायला काय झालं? नाक शाबूत आहे माझं. तुमचे ब्रेक जळताहेत.’

आणि तेवढ्यात पेडल खाली गेलं. नेहमीपेक्षा बरंच खाली. वहिनींनी गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला, आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या दुधाच्या गाडीपासून हातभर अंतरावर गाडी कशीबशी थांबली. मास्तरांचा चष्मा पुढच्या सीटवर येऊन पडला. ‘परीक्षेत नापास,’ एवढंच ते म्हणाले. वहिनींना ओरडावंसं वाटत होतं, रडावंसंही वाटत होतं. त्यांनी चष्मा पुसून परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिस्त्रीकडे. हा मिस्त्री गावात नवाच, गेल्या वर्षी दुकान टाकलेला. हात चांगला, पण तोंडाला विसावा नाही. समोरचं चाक काढलं आणि सुरू झाला. ‘वहिनी, ह्या मॉडेलला पुढची डिस्क, ही चाकामागची चकती, बशीएवढी. ही गाडी सपाटीवर भाजी आणायला बनवलेली आहे. तुम्ही तिला रोज चार-चार माणसं घालून टेकडी उतरवता. ती तरी काय करणार?’

‘उपदेश नको, उपाय सांगा. आणि खिसा बघून सांगा.’

‘नवीन सगळं घालायचं तर तुमची गाडी विकून तेवढे पैसे यायचे नाहीत.’ तो डोकं खाजवत म्हणाला. ‘पण ह्याच गाडीच्या टॉप मॉडेलला मोठे ब्रेक येतात. मोठा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा धरतो तो, जाड डिस्क, आणि आपल्या गाडीला जसेच्या तसे बसतात. एक भोकसुद्धा पाडावं लागत नाही. भंगारात मिळाले तर तुमचं काम झालं. डिस्क नि पॅड नवे टाकू, कॅलिपर जुने चालतील. आणि ब्रेक ऑइल बदलायचं, ते सगळ्यात आधी. सगळ्यात स्वस्त काम, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.’

‘मिळतील का?’

‘मिळवतो.’

आणि त्याने मिळवले. दोन दिवसांनी वहिनी दुकानात गेल्या तेव्हा पोतं जमिनीवर ओतलेलं होतं आणि मिस्त्री खुशीत होता. ‘नशीब काढलंत, वहिनी! सेम गाडी, टॉप मॉडेल. पोलीस चौकीच्या आवारात केस संपेपर्यंत सडली, आता भंगारात आली. टपावर उलटी पडलीय, चाकं वर, मेलेल्या झुरळासारखी. मी वर चढून काढले. टेकडीवरूनच खाली गेली होती म्हणे.’

वहिनींनी विचारलं, ‘रंग?’

‘पांढरा. फक्त मागच्या एका दाराला निळं हँडल. कुणीतरी दुसऱ्या गाडीचं लावलेलं. का?’

ते हँडल वहिनींनीच शोधून आणलं होतं. दुकानदाराने पांढरं नाही म्हटल्यावर ‘निळं तर निळं’ म्हणून. नवरा महिनाभर चिडवत होता, माझ्या गाडीला कुंकवाऐवजी निळी टिकली लावलीस म्हणून.

‘काही नाही,’ त्या म्हणाल्या. ‘बसवा.’

का बसवा म्हणाल्या? दुसरे मिळेपर्यंत गाडी उभी ठेवणं परवडणारं नव्हतं, हे एक कारण झालं. ते त्यांनी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं. त्याच्या पायाखाली जे होतं ते आपल्या पायाखाली यावं, असं त्यांना वाटलं. वेडेपणा म्हणा हवं तर. तीन वर्षं त्या ज्याच्याशी बोलायला तडफडत होत्या, त्याच्या जवळचं काहीतरी पहिल्यांदा हाताशी आलं होतं. आणि त्याचीच त्यांना भीतीही वाटत होती.

मिस्त्रीने कॅलिपर धुतले, रबरं बदलली, नव्या डिस्क चढवल्या, दोन्ही बाजू आवळल्या. मग नवं ऑइल ओतलं आणि म्हणाला, ‘आता ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. माझा जोडीदार आज आला नाही. तुम्ही आत बसा. मी सांगेन तसं करायचं. दाब म्हटलं की दाबा, धर म्हटलं की धरून ठेवा, सोड म्हटलं की सोडा. अहो-जाहो करत बसलो तर संध्याकाळ होईल, राग मानू नका.’

वहिनी आत बसल्या. मिस्त्री चाकापाशी बसला, पाना घेऊन, कॅलिपरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या बारीक तोटीला, पारदर्शक नळी लावून. ‘दाब… धर… सोड. दाब… धर… सोड.’ नळीतून बुडबुडे आले, मग कमी झाले, मग थांबले. चारही चाकं झाली. ‘आता दाबा जोरात.’

वहिनींनी दाबलं. पेडल मऊ लागलं, आणि हळूहळू, अगदी न थांबता, तळापर्यंत गेलं.

‘राहिली वाटतं थोडी,’ मिस्त्री म्हणाला. पुन्हा सगळं. दाब, धर, सोड. पुन्हा बुडबुडे नाहीत. पुन्हा पेडल तळाला. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा मिस्त्रीचा आवाज चिरका झाला होता. ‘अहो, नळीत हवा नाही, गळती नाही, सगळं नवं. मग जातंय कुठे?’

वहिनींचा पाय पेडलवर होता आणि खाली, खाली चालला होता. त्यांना वाटलं, आपण दाबत नाही आहोत, खालून कुणीतरी ओढून घेतंय. दुकानात भरदुपारचं ऊन होतं, समोरच्या गल्लीत भाजीवाली ओरडत होती. ‘तो लागू देत नाहीये,’ त्या म्हणाल्या.

‘कोण?’

‘माझा नवरा. त्याच्या गाडीचे आहेत हे.’ आणि मग थांबताच येईना. हवालदार, ओरखडा, भांडण, सगळं बाहेर पडलं. ‘त्याने स्वतः ब्रेक दाबला नाही आणि आता मलाही दाबू देत नाही. बरोबरच आहे त्याचं.’

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. एवढा वाचाळ माणूस, पण पाचावर धारण बसली. पहिल्यांदा तो गाडीपासून दोन पावलं मागे सरला. मग लाज वाटली म्हणून एक पाऊल पुढे आला. ‘असं काही नसतं हो,’ तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. काहीतरी करायला हवं म्हणून तो पुन्हा चाकापाशी वाकला, कॅलिपरकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःच्या कपाळावर ऑइलने माखलेला हात फाडकन मारून घेतला.

‘गाढव आहे मी! शुद्ध गाढव!’

‘काय झालं?’

‘निपल खाली आहे. खाली! हवा नेहमी वर चढते, वहिनी. निपल वर असलं तर हवा निघणार. हा डावा कॅलिपर उजवीकडे बसवलाय मी आणि उजवा डावीकडे. हवा वरच्या कोपऱ्यात मजेत बसलीय आणि मी खालून ऑइल काढतोय.’ तो आता स्वतःवरच हसत होता, सुटल्यासारखा. ‘अहो, गाडी उलटी होती ना! चाकं वर. मी उताणी गाडी बघून खडूने डावं-उजवं लिहिलं. उलट्या गाडीचं डावं म्हणजे उजवं, एवढंही सुचलं नाही मला. कुणाला सांगू नका हं, धंदा बसेल माझा.’

त्याने दोन्ही कॅलिपर काढले, बाजू बदलल्या, पुन्हा आवळले. दाब, धर, सोड. नळीतून भसाभसा बुडबुडे आले. मग वहिनींनी दाबलं आणि पेडल वरच थांबलं, दगडावर पाय ठेवावा तसं टणक. वहिनींनी पुन्हा दाबलं. पुन्हा टणक. कुणी ओढत नव्हतं, कुणी धरत नव्हतं. त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं ते भलतंच. एकटं वाटलं.

मिस्त्री हात पुसत होता. आता तो हसत नव्हता. ‘वहिनी,’ तो हळू म्हणाला, ‘त्यांनी ब्रेक दाबला नाही असं कोण म्हणालं?’

‘सांगितलं ना. ओरखडा नव्हता.’

तो कोपऱ्यात गेला आणि भंगारासाठी फेकलेल्या दोन जुन्या डिस्क आणि पॅड घेऊन आला. बाकावर ठेवले. डिस्क निळ्या पडल्या होत्या, कुठे जांभळ्या, पॅड करपून त्यांचा चुरा होत होता. ‘काल काढताना मी मनात म्हटलं, हा कोण बाबा ब्रेकवर उभा राहून टेकडी उतरला. लोखंड असं निळं उगाच पडत नाही. वरपासून त्या वळणापर्यंत पाय काढलाच नसणार त्यांनी. आतलं ऑइल तर काळंकुट्ट होतं, वर्षानुवर्षं न बदललेलं. तसलं ऑइल तापलं की उकळतं, वाफ होते, आणि मग कितीही दाबा, पेडल तळाला. तुमचं मघाशी गेलं तसंच. चाक अडलं तर रस्त्यावर ओरखडा उठणार ना? इथे चाक अडलंच नाही.’

वहिनी डिस्ककडे बघत होत्या. हात लावायचं धैर्य होत नव्हतं.

‘आणि एक,’ मिस्त्री म्हणाला. ‘आत डोकावलो होतो मी, काही कामाचं मिळतंय का बघायला. हँडब्रेक पार वर खेचलेला आहे, पण मागचे ब्रेकही तापून गेलेले, त्याने चाक अडायचं नाही. अजूनही तसाच. ज्याला जायचंय तो माणूस हँडब्रेक ओढतो का हो?’

वहिनी बाकावर बसल्या आणि रडल्या. मिस्त्री बिचारा चहा सांगायला म्हणून जो बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही. तीन वर्षांचा दगड छातीवरून उतरत होता. तो गेला नव्हता. तो थांबायला बघत होता, जीव तोडून थांबायला बघत होता. आणि दगड पुरता उतरायच्या आतच दुसरा येऊन बसला. ऑइल बदललेलं नव्हतं. आज फेऱ्या नकोत, गाडी गॅरेजला लावतो, असं तो म्हणाला होता. तीन वर्षं त्या भांडणातला शब्द न् शब्द त्यांनी चघळला होता, त्याचा ‘जातो’ आणि आपला ‘जा’. भांडण कशावरून झालं होतं, तेच मात्र विसरून गेल्या होत्या. पेडल मऊ लागतंय, हेही तो बोलला होता बहुतेक. त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं.

त्या घरी आल्या तेव्हा सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. ‘उशीर झाला,’ त्या म्हणाल्या. कामापुरतं. वहिनींनी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसकण मारली. वाटेत त्यांनी ठरवलं होतं, पहिलं सांगायचं आणि दुसरं गिळायचं. म्हातारीला लेक परत मिळेल तेवढं सांगायचं, आपली मान कापून द्यायचं काय कारण? पण बोलायला लागल्या आणि अर्धं सांगणं जमेना.

‘आई, ह्यांनी ब्रेक दाबला होता. वरपासून दाबत आले होते. हँडब्रेकसुद्धा ओढला होता. ब्रेक लागले नाहीत.’ सासूबाईंनी मान वळवली. ‘ऑइल जुनं झालं होतं. त्या दिवशी ते गाडी गॅरेजलाच लावणार होते. मी लावू दिली नाही. मी घालवलं त्यांना.’

वहिनी खाली मान घालून वाट बघत राहिल्या, आता हाकलून देतील, आता हात उगारतील. यातलं काहीही चाललं असतं. शेवटी म्हातारीचा आवाज आला, कुणाशी तरी दुसऱ्याशीच बोलल्यासारखा.

‘किती दाबला असेल गं त्याने. पाय दुखला असेल.’

मग त्यांच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते रडणं होतं, हे कळायलाही वहिनींना वेळ लागला, कारण तीन वर्षांत त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. वहिनी गुडघ्यांवर पुढे सरकल्या. सासूबाईंनी त्यांना ढकललं नाही. पदराने डोळे पुसले, सुनेच्या ऑइल लागलेल्या हातांकडे पाहिलं, आणि एकदम घाबरून तिचं मनगट घट्ट धरलं.

‘आणि तुझे गं? तुझ्या गाडीचे नीट लागतात ना?’

वहिनींनी मानेनेच हो म्हटलं.